नववीचं काय करायचं?

शाळासिद्धीच्या, म्हणजे शाळेच्या मूल्यमापनाच्या, फाइलमध्ये आमच्या शाळेचं ‘विद्यार्थी कल्याण धोरण’ आधीपासूनच लावलेलं होतं. इंग्रजीत, स्पायरल बाइंडिंग केलेलं, प्रत्येक पानावर शाळेचा शिक्का. कोणी कुठून उतरवून घेतलं होतं देव जाणे, कारण पोहण्याच्या तलावाजवळ जीवरक्षक नेमायची जबाबदारी त्यात क्रीडा विभागप्रमुखावर टाकली होती. आमच्याकडे तलाव नाही, विभागही नाही, आणि क्रीडाशिक्षक इतिहाससुद्धा शिकवतात. पूर्व नागपुरातली शाळा, कळमना मार्केटच्या अंगाला, पाचवी ते दहावी, मराठी माध्यम, अनुदानित. शाळासिद्धीची ७ क्षेत्रं आणि ४६ मानकं भरताना पुरावा म्हणून दाखवायचं, यापलीकडे त्या चोपडीला काम नव्हतं.

मुख्याध्यापक मॅडम नव्या आल्या आणि त्यांनी ती वाचली. बहुधा त्याच पहिल्या वाचक. मला बोलावून म्हणाल्या, “सर, हे काढा आणि आपलं लिहा. मराठीत. आणि लिहाल ते करावं लागेल, एवढं ध्यानात ठेवून लिहा.”

आम्ही तिघं शिक्षक, ऑफिसचे बडे बाबू आणि पालक-शिक्षक संघातल्या दोन आया अशी समिती झाली. त्या दोघींपैकी एक ताई आशा वर्कर आहेत. पुढे सगळ्यात जास्त कामाच्या त्याच निघाल्या, म्हणून आधीच सांगून ठेवतो. पहिल्या बैठकीत ‘सर्वांगीण विकास’, ‘आनंददायी शिक्षण’ वगैरे शब्द फळ्यावर लिहून झाले आणि चहा झाला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मी गणिताचा माणूस. आकडे समोर असल्याशिवाय मला काही सुचत नाही. बडे बाबूंकडून मागच्या काही वर्षांची हजेरीपत्रकं काढून घेतली आणि इयत्तावार, महिनावार मांडून बघितली. पाचवी ते आठवीची हजेरी बऱ्यापैकी सरळ चालते. नववीत मात्र दोन ठळक खड्डे पडत होते, एक दिवाळीनंतर आणि दुसरा फेब्रुवारी-मार्चात. मला वाटलं लग्नसराई असेल, आजारपण असेल. आशाताईंनी कागदाकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सर, हा आंबियाचा अन् हा मृगाचा.” संत्र्याचे दोन बहार. कळमन्यात पहाटे गाड्या लागतात, कॅरेट उतरवायला हात लागतात, आणि आमच्या नववीतल्या पोट्ट्यांचे हात एव्हाना तेवढे मोठे झालेले असतात. कायद्याची रेघही तिथूनच जाते. १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ ते १८ च्या मुलांना फक्त धोकादायक कामं बंद आहेत. कॅरेट उचलणं कोणी धोकादायक धरत नाही.

नववीच का, हे त्यानंतर एकेक करून उलगडत गेलं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, ६ ते १४ वयासाठी, म्हणजे आठवीपर्यंत. फुकट पाठ्यपुस्तकं आठवीपर्यंत. शालेय पोषण आहार आठवीपर्यंत. नापास न करणंही आठवीपर्यंतच. आता पाचवी-आठवीला परीक्षा आणि पुनर्परीक्षा आल्या आहेत, पण खरी गाळणी नववीतच लागते. म्हणजे जूनअखेर शाळा उघडते (आमच्या विदर्भात उन्हामुळे उशिराच), आणि एका उन्हाळ्याच्या सुटीत त्याच मुलाची पुस्तकं, जेवण आणि वर ढकललं जाण्याची हमी अशा तिन्ही गोष्टी गेलेल्या असतात. वर गणिताचे दोन भाग. आम्ही शिक्षक इतकी वर्षं ‘नववीत पोरं बिघडतात’ म्हणत होतो.

तेव्हा मी समितीत म्हटलं की धोरण सगळ्या शाळेचं असू द्या, पण लिहायला नववीपासून घेऊ. सरकार जिथे हात काढून घेतं तिथून आपलं काम सुरू होतं. हिंदीच्या मॅडमना हे पटलं नाही. त्यांचं म्हणणं, पाचवीतच वाचन कच्चं राहतं, मग नववीत रडून काय होणार? मुद्दा खोटा नव्हता. शेवटी दोन्ही घेतलं. पाचवीत दाखल होणाऱ्या प्रत्येक मुलाचं जुलैत वर्गशिक्षकानं एक पान वाचून घ्यायचं आणि त्याची नोंद मुलाबरोबर वरच्या वर्गात जाईल. बाकी भर नववीवर.

खिचडीचं सांगायला हवं. मधल्या सुटीत आठवीपर्यंतची मुलं व्हरांड्यात ताटं घेऊन बसतात आणि नववीची पोरं नळाजवळ उभी असतात. पाणी पितात, एकमेकांना ढकलतात, खिचडीकडे बघत नाहीत. बघत नाहीत हे इतकं ठरवून की ते दिसतं. सकाळच्या शाळेच्या दिवसांत, मार्चनंतर, प्रार्थनेला चक्कर येऊन पडणारं मूल हमखास नववी-दहावीचं, आणि बहुतेकदा मुलगी. आशाताईंनी पहिला प्रश्न हाच टाकला, “उरते ना खिचडी? मग?” बडे बाबू खुर्चीत सरळ झाले. तांदूळ ताटांच्या संख्येवर येतो, नोंद रोजच्या रोज ऑनलाइन जाते, आठवीच्या वर एक ताट दाखवलं तर उत्तर त्यांना द्यावं लागतं. चूक त्यांची नव्हतीच. धोरणात आम्ही एवढंच लिहिलं: प्रार्थना उन्हाळ्यात वर्गातच होईल, पाण्याची घंटा दिवसातून तीनदा वाजेल, आणि लोहाच्या निळ्या गोळ्या आठवड्याच्या ठरलेल्या दिवशी पोटात काही असतानाच दिल्या जातील. शेवटची अट आशाताईंची. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, मग पुढच्या आठवड्यात मुली ती खिडकीबाहेर टाकतात, हे त्यांनी स्वतः खिडकीबाहेर जाऊन बघितलेलं. पोटात ‘काही’ असण्यासाठी पालक संघानं फुटाणे आणि गुळाचा डबा सुरू केला. खिचडीचं कलम कागदावर नाही.

सगळ्यात कडाक्याचं भांडण सतरा नंबरवरून झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १७ नंबरचा फॉर्म म्हणजे दहावीला खासगीरीत्या, शाळेत न जाता बसायचा अर्ज. शाळा सुटलेल्या, काम करणाऱ्या माणसांसाठी ती चांगली सोय आहे. पण ‘१०० टक्के निकाल’ असा फ्लेक्स गेटवर लावायचा असला की त्याच फॉर्मचा दुसरा उपयोग होतो. कच्च्या मुलाला नववीत नापास करायचं, पालकांना बोलवायचं आणि समजुतीच्या आवाजात सांगायचं, “इथे वर्ष घालवण्यापेक्षा सतरा नंबर भरून टाका ना भाऊ.” पालक आभार मानून जातात. मूल शाळेतून जातं आणि निकालाच्या भाजकातूनही जातं. ४० पैकी ४० पास म्हणजे १०० टक्के. मुळात वर्गात ५२ होते हे फ्लेक्सवर येत नाही. हा हिशेब सातवीतल्या मुलालाही समजेल.

आम्ही कलम लिहिलं: नववीतल्या कोणत्याही मुलाला शाळेनं १७ नंबरचा सल्ला द्यायचा नाही. पालकांनी स्वतःहून विचारलं तर मुख्याध्यापकांनी मुलाशी बोलूनच माहिती द्यायची.

संस्थेच्या सचिवांनी मसुदा वाचला आणि मला घरी बोलावलं. चांगला माणूस आहे, शाळेच्या छतासाठी स्वतःच्या खिशातून पैसे घातलेत त्यांनी. म्हणाले, “सर, निकाल पडला तं पुढच्या वर्षी पाचवीत पोट्टे कोण टाकंल? आजूबाजूला सगळ्या कॉन्व्हेंटा झाल्या. पट कमी झाला की संचमान्यतेत पहिले तुमचेच शिक्षक अतिरिक्त ठरतील. मग धोरण कोणाले वाचून दाखवान?” यावर माझ्याकडे घडीव उत्तर नव्हतं, कारण पटसंख्येची भीती माझ्याही पोटात आहे. मी त्यांना एकच गोष्ट दाखवली. मागच्या वर्षांत नववीतून गेलेल्या मुलांची यादी आणि त्यांची धाकटी भावंडं आता कुठल्या शाळेत आहेत, त्याची दुसरी यादी. आमच्याकडे जवळजवळ कोणीच नाही. मोठ्याला काढलेल्या शाळेत धाकट्याला कोण घालेल? सचिवांनी चष्मा लावून दोन्ही याद्या पुन्हा बघितल्या. “ठेवा कलम,” म्हणाले. “पण फ्लेक्स लागंल.” फ्लेक्स लागतो. त्यावर आता ‘नववीत इतके, दहावीत इतके, उत्तीर्ण इतके’ असे तीन आकडे असतात. तो माझा हट्ट होता, आणि गल्लीत त्याची थोडी थट्टाही होते.

शिकण्यातल्या अडचणींचं कलम मात्र एका मुलाच्या वहीनं लिहिलं म्हटलं तरी चालेल. माझ्याच वर्गातला, ब तुकडीतला. वडील ई-रिक्षा चालवतात. उदाहरण आकड्यांत असलं की याचं उत्तर सगळ्यांच्या आधी. तेच शाब्दिक असलं की पान कोरं. वहीत ‘त्रिकोण’ हा शब्द एका पानावर तीन प्रकारे, एकदा ‘त्रीकोन’, एकदा ‘तिर्कोण’, एकदा नुसतं ‘त्रको’ आणि पुढे खोडलेलं. ३४ चे ४३ झालेले, पण पुढची आकडेमोड ४३ धरून अगदी बिनचूक. मी शाब्दिक उदाहरण त्याला वाचून दाखवलं, तर तोंडी उत्तर आलं. “काऊन लिहीत नाही मग?” तर म्हणाला, “सर, अक्षरं थांबतच नाहीत.”

असं मूल आळशी नसतं, हे वाचलेलं सगळ्यांनी असतं. पुढे काय करायचं ते नेमकं कोणाला ठाऊक नव्हतं. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातली अशी अडचण, ही दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधल्या २१ प्रकारांपैकी एक आहे. प्रमाणपत्रासाठी आधी डोळे-कान तपासतात, मग बालरोगतज्ज्ञ, बुद्ध्यांक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या वेगळ्या चाचण्या. केंद्राच्या २०१८ च्या सूचनांत तिसरीच्या आसपास, म्हणजे वयाच्या आठव्या वर्षीच शिक्षकानं मूल हेरावं असं आहे. आम्ही चौदाव्या वर्षी हेरत होतो. त्याच्या आईनं एका सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलं आणि चाचणीची तारीख येईतो अख्खा पावसाळा गेला. तारखेच्या दिवशी कळलं की शाळेचा अहवाल लागतो, म्हणून परत. आईचा त्या दिवशीचा रोजही गेला.

म्हणून धोरणातलं हे कलम सगळ्यात रूक्ष आणि सगळ्यात लांब आहे. शंका आली की वर्गशिक्षक एका पानाचा नमुना भरेल: वाचताना काय होतं, लिहिताना काय होतं, तोंडी काय येतं. सोबत वहीच्या पानांच्या झेरॉक्स. हा अहवाल आई पहिल्यांदा दवाखान्यात जाईल तेव्हाच तिच्या हातात असेल. जायच्या दिवशी गरज पडली तर शाळेतलं कोणीतरी सोबत जाईल. प्रमाणपत्राची वाट बघत न बसता शाळेच्या आपल्या परीक्षांत तासाला २० मिनिटं जास्त वेळ आणि प्रश्न वाचून दाखवणं लगेच सुरू होईल. त्यासाठी कोणाच्या परवानगीची गरज नाही.

बोर्डाच्या सवलतींची मात्र रीतसर मागणी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जाते. जादा वेळ (भाषेच्या ३ तासांच्या पेपरला १ तास), लेखनिक, गणिताला कॅल्क्युलेटर, शुद्धलेखनाच्या चुका न मोजणं. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित आणि सोबत दुसरा एखादा विषय, असाही पर्याय आहे, आणि सहानुभूतीच्या भरात शिक्षक पहिल्यांदा तोच सुचवतात. तो घेतला की पुढे विज्ञान शाखा आणि पॉलिटेक्निकची वाट अडते, हे पालकांना कोणी सांगत नाही. आमच्या त्या पोरानं तो पर्याय घेतला असता तर त्याचा एकमेव पक्का विषय आम्हीच काढून घेतला असता. कलमात हे वाक्य जाड ठशात आहे.

तक्रारपेटी आमच्याकडे होती. ऑफिसच्या दाराला लागून, सीसीटीव्हीच्या बरोबर खाली. आत एक गुटख्याची पुडी आणि मेलेली पाल निघाली. पेटी हलवून जिन्याच्या वळणावर लावली, जिथून सगळी येतात-जातात आणि कोण थांबलं ते कळत नाही. पोळा-मारबत आटोपल्यावर पहिल्यांदा उघडली. निम्म्या चिठ्ठ्या एकाच विषयाच्या: मुलींच्या स्वच्छतागृहाच्या मधल्या दाराला कडी नाही. एक मैत्रीण बाहेर दार धरून उभी राहते, म्हणजे दोघींची सुटी जाते. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाण्याच्या घंटेचं कलम लिहिताना आम्हा पुरुषांना हे सुचणं शक्यच नव्हतं. कडी त्याच संध्याकाळी शिपाई भाऊंनी बसवली. हार्डवेअरच्या दुकानात साठ-सत्तर रुपयांत येते.

त्या पेटीत एक चिठ्ठी वेगळी होती. तिच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण तिच्यामुळे मसुद्यातलं एक वाक्य बदललं. सचिवांकडून आलेल्या सूचनेत ‘अशी बाब प्रथम संस्थेच्या निदर्शनास आणावी’ असं होतं. हे चालत नाही. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवायचंच असतं, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. संस्थेची बदनामी, मुलीची बदनामी, ‘आपसात बघून घेऊ’ यातलं काहीही त्याच्या आड येत नाही. मॅडमनी ते वाक्य बैठकीत सर्वांसमोर लाल पेनानं काटलं. आता ओळखपत्राच्या मागे दोन नंबर छापलेत, चाइल्डलाइनचा १०९८ आणि टेलि-मानसचा १४४१६. छापताना एका पालकानं विचारलं, “मानसिकवाला नंबर काऊन? आपले पोरं काय पागल हायेत का?” आशाताई त्याला बाजूला घेऊन गेल्या. काय बोलल्या माहीत नाही, पण नंतर त्या पालकानं तो नंबर स्वतःच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून घेतला.

हे सगळं लिहिणं सोपं. कोण करणार, तिथे गाडी अडते. समुपदेशकाचं पद आम्हाला मंजूर नाही. म्हणजे वर्गशिक्षकानं करायचं, आणि वर्गशिक्षकाला वेळ म्हणजे ऑफ तासिका, जी रोज कोणाच्या तरी रजेवर बदली तासिकेत जाते. वेळापत्रक मी करतो. मॅडमना सरळ सांगितलं की नववीच्या दोन वर्गशिक्षकांना आठवड्यात दोन-दोन तासिका ‘मुलांशी बोलणे’ म्हणून वेळापत्रकात छापा, आणि त्यांवर बदली लावायची नाही. स्टाफरूममध्ये गदारोळ झाला. मुलांशी बोलायची कसली तासिका, आम्ही काय मुक्यानं शिकवतो का, वगैरे. विज्ञानाचे सर म्हणाले, “छापा, पण मला द्या.” त्यांची तासिका त्यांनाच मिळाली, आणि खरं सांगायचं तर ते ती माझ्यापेक्षा चांगली वापरतात. मुलांना घेऊन मैदानाच्या कडेला बसतात, काही विचारत नाहीत, सायकलची चेन बसवत राहतात. मुलं आपोआप बोलतात. मंडीत कोण किती वाजता जातं, हे आम्हाला त्यांच्याकडूनच कळतं. आंबियाच्या दिवसांत नववीची पहिली तासिका गणिताची न ठेवता चित्रकलेची ठेवायची, ही युक्तीही त्यांचीच. उशिरा आलेल्या पोराचं निदान गणित तरी बुडत नाही.

चार पानांचं धोरण संस्थेच्या सभेत मंजूर झालं. शिष्यवृत्तीच्या परीक्षेचं कलम शेवटच्या क्षणी घुसवलं. आठवीत एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे कॅरेट उचलण्याला थोडा तरी पर्याय. त्याची तयारी आता आठवीच्या जुलैतच सुरू होते. पहिलं सत्र बरं गेलं. दुसऱ्या सत्रात निवडणुकीच्या कामाला शिक्षक गेले आणि ‘मुलांशी बोलणे’ तासिकांवर बदली लागलीच. मॅडमनी लावली, कारण पाचवी रिकामी बसली होती. धोरणात अपवादाचं कलम नव्हतं, ते आता टाकतोय: गेलेली तासिका त्याच महिन्यात भरून द्यायची.

ब तुकडीतला तो मुलगा यंदा दहावीत आहे. प्रमाणपत्र आलं, प्रस्ताव मंडळाकडे गेला. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून नववीतल्या एका सुवाच्य अक्षराच्या मुलीनं हो म्हटलं. मग तिचे वडील शाळेत आले. मुलीनं मदत करण्याला त्यांची हरकत नव्हती. त्यांचा प्रश्न एवढाच, की सराव परीक्षेपासून बोर्डापर्यंत ती त्याच्यासोबत लिहीत बसणार, तर तिचा बुडालेला अभ्यास कोण भरून देणार? आमच्या चार पानांत लेखनिक मुलाबद्दल एक ओळ नाही. कलमाचा मसुदा मी केला आहे, तो पुढच्या बैठकीत ठेवायचा आहे. तोवर तिची भूमिती मी शाळा सुटल्यावर घेतो, आणि हिंदी मॅडमच्या वाट्याला भाषा आली आहे.